शिफ्ट बदलतानाची दहा मिनिटं

भोसरीच्या किंवा चाकणच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये एखाद्या ऑपरेटरबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं असतं. "पोरगा चांगला आहे, अ‍ॅटिट्यूड आहे त्याच्याकडे," किंवा "हात चांगला आहे, पण अ‍ॅटिट्यूड नाही." यातून उद्या सकाळी सात वाजता काय करायचं ते कुणालाच कळत नाही. सुपरवायझर त्या पोराला केबिनमध्ये बोलावून समजावतो, तो मान डोलावतो, आणि आठवड्याभरात पुन्हा तेच. वृत्ती मोजता येत नाही. ती ज्या चार-दोन कृतींतून बाहेर पडते त्या मात्र मोजता येतात, शिकवता येतात आणि त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवता येतो. मी इथे सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथच्या शॉपबद्दल लिहितोय, कारण तिथे सवयीचा परिणाम मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात दिसतो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो: ज्याला आपण कामगाराची वृत्ती म्हणतो, तिचा मोठा भाग शॉपच्या मांडणीतून आणि साहेबांच्या तोंडून निघणाऱ्या पहिल्या वाक्यातून घडतो.

शिफ्ट बदलण्यापासून सुरुवात करू. तीन शिफ्टच्या कंपनीत साधारण सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि बारा ते सात असं चालतं. छोट्या गाळ्यांत आठ ते आठ अशा दोनच. कागदावर दोन शिफ्ट एकमेकींना चिकटलेल्या असतात. साडेतीनला ड्यूटी संपते आणि बस तीन पस्तीसला सुटते, म्हणजे जाणाऱ्याला येणाऱ्याशी बोलायला वेळच नाही. तो हात धुवायला तीन वीसलाच निघतो, येणारा तीन चाळीसला मशीनवर पोचतो, आणि मधल्या वीस मिनिटांत मशीन एकतर बंद असतं किंवा शेजारचा ऑपरेटर दोन्हीकडे बघत असतो. याला आपण बेजबाबदारपणा म्हणतो. बस पाच-सात मिनिटं उशिरा सोडावी, येणाऱ्या शिफ्टची हजेरी दहा मिनिटं आधी घ्यावी आणि त्या दहा मिनिटांचे पैसे द्यावेत. हे केल्याशिवाय जबाबदारीवर भाषण देण्याचा अधिकार मालकाला नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

ही दहा मिनिटं मशीनसमोर उभं राहून घालवायची. कँटीनच्या दारात किंवा पार्किंगमध्ये "सगळं ओके आहे" म्हणणं म्हणजे हँडओव्हर झाला असं नाही. जाणाऱ्याने चार गोष्टी सांगायच्या. पहिली जॉबची, म्हणजे मशीनवर चढवलेल्या नगाची: कुठला पार्ट, कितवं ऑपरेशन, किती झाले, शेवटच्या पाच पीसची मापं काय आली. दुसरी टूलची: कुठला इन्सर्ट (टूलचं कापणारं, बदलता येणारं टोक) कधी बदलला, त्यावर किती पीस झाले, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) आत्ता किती आहे आणि माप कुठल्या बाजूला सरकतंय. तिसरी मशीनची: कुठला अलार्म आला होता, चकचा (जॉब धरणाऱ्या पकडीचा) प्रेशर पडतोय का, कूलंट (कापताना सोडायचं तेल-पाणी) कधी टाकला. चौथी सगळ्यात महत्त्वाची, अर्धवट राहिलेल्या कामाची: संशयित माल कुठे ठेवलाय, मेंटेनन्सने काय उघडून ठेवलंय, कुठला गेज (मापाचं साधन) कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासून घ्यायला गेलाय. येणाऱ्याने यातलं टूल आणि अर्धवट काम स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं. परत म्हणायला लावलं की ऐकणाऱ्याचं लक्ष कुठे होतं ते लगेच कळतं, आणि सांगणाऱ्यालाही आपण काय विसरलो ते आठवतं.

अर्धवट कामाला मी एवढं महत्त्व का देतोय त्याचं कारण पुण्यापासून फार लांब घडलेलं आहे. ६ जुलै १९८८ रोजी उत्तर समुद्रात, स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून दूर, पायपर अल्फा नावाच्या तेल-वायूच्या प्लॅटफॉर्मवर स्फोट झाला आणि १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दिवसपाळीत दुरुस्तीसाठी काढला होता आणि उघड्या पाइपवर नुसतं झाकण बसवलं होतं. काम पुरं झालं नाही. तसा परमिटचा कागदही होता, पण रात्रपाळीला कुणी ते समोरासमोर सांगितलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, तेव्हा तिथल्या लोकांनी पहिला पंप चालू केला. त्यांच्या दृष्टीने तो तयार होता. वृत्ती वाईट असलेला एकही माणूस या घटनेत शोधावा लागत नाही. कागद होता, माणसंही अनुभवी होती, फक्त एकाने दुसऱ्याला तोंडी सांगण्याची सवय मोडलेली होती. आपल्या शॉपमध्ये याचं छोटं रूप रोज घडतं: सेटरने (मशीन जुळवून देणाऱ्याने) चकचे जॉ सैल करून ठेवलेले असतात, तो जेवायला गेलेला असतो, आणि नवीन शिफ्टचा मुलगा सायकल स्टार्ट दाबतो. म्हणून मशीन अर्धवट सोडताना पॅनेलवर लाल टॅग लटकवायचा, त्यावर वेळ आणि नाव लिहायचं, आणि तो टॅग ज्याने लावला त्यानेच किंवा त्याच्याशी बोलून घेतलेल्या माणसानेच काढायचा.

पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात गुरुवारची सुट्टी असते, त्यामुळे इथे आणखी एक अडचण आहे. बुधवारी शेवटची शिफ्ट संपते तेव्हा समोर घ्यायला कुणीच नसतं; पुढचा माणूस एकदम शुक्रवारी सकाळी येतो. त्या एका शिफ्टला हँडओव्हर लेखीच हवा, आणि तो रजिस्टरमध्ये न लिहिता मशीनच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर हवा, म्हणजे दार उघडणाऱ्याला तो वाचावाच लागेल. शुक्रवारी मशीन पूर्ण थंड असतं, स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) त्यांच्या नेहमीच्या तापमानाला यायला वेळ घेतात. पंधरा-वीस मिनिटांचा वॉर्म-अप प्रोग्राम चालवल्याशिवाय पहिला पीस घेतला, तर सात वाजता ओके आलेलं माप आठ वाजता सरकलेलं असतं आणि ऑपरेटर इन्सर्टला दोष देत बसतो.

आता पहिल्या पीसकडे येऊ. नियम सगळीकडे एकच: सेटिंग, टूल किंवा शिफ्ट बदलली की पहिला पीस इन्स्पेक्टरने पास केल्याशिवाय प्रॉडक्शन चालू करायचं नाही. बऱ्याच ठिकाणी तो मोडला जातो आणि कारण साधं असतं. बारा मशीनमागे एक इन्स्पेक्टर. शिफ्टच्या सुरुवातीला बाराही जणांचे पीस एकाच वेळी त्याच्या टेबलावर येतात. शेवटच्याचा नंबर यायला पाऊण तास लागतो. तेवढ्यात टार्गेटचे पीस मागे पडतात म्हणून ऑपरेटर मशीन चालू ठेवतो, आणि पीस पास झाला नाही तर मागचे वीस-पंचवीस जॉब संशयित होतात. इथे नियम पाळायला सांगून उपयोग होत नाही. ड्रॉइंगवरची मापं दोन गटांत वाटायची. लांबी, चॅम्फर, खोबण वगैरे मापं ऑपरेटरने स्वतः मोजून स्वतः सही करायची. फिटिंगची दोन-तीन मापं फक्त इन्स्पेक्टरने बघायची. त्याचं प्रत्येक पीसचं काम दोन मिनिटांवर येतं आणि रांग विरते. शिवाय ऑपरेटरची सही खरी होते; आपल्या मोजमापाला किंमत आहे हे कळलं की माणूस मायक्रोमीटर वेगळ्या पद्धतीने धरतो.

मायक्रोमीटरवरून एक बाब. गरम जॉब मोजण्याची सवय फार घातक आहे आणि ती घाईतून येते. स्टील एका मीटरला प्रत्येक अंश सेल्सियसमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटर व्यासाचा जॉब मशीनमधून २० अंशांनी जास्त गरम निघाला, तर तो २३ मायक्रॉन मोठा दिसतो. त्या व्यासाला एच-सेव्हन दर्जाचं टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आहे ३५ मायक्रॉन. दोनतृतीयांश टॉलरन्स नुसत्या उष्णतेने खाल्लं. ऑपरेटर ऑफसेट कमी करतो, जॉब थंड झाल्यावर छोटा भरतो, आणि इन्स्पेक्टर दुपारी तो रिजेक्ट करतो तेव्हा दोघांचं भांडण होतं. दोघंही खरं बोलत असतात. यावर उपाय म्हणजे मशीनशेजारी एक जाड लोखंडी प्लेट ठेवायची, जॉब काढला की ठरलेला वेळ तिच्यावर ठेवायचा, आणि मोजायचा तो आधीचा जॉब, आत्ताचा नाही. मायक्रोमीटरही प्लेटजवळच ठेवायचा. खिशात ठेवलेला मायक्रोमीटर अंगाच्या उष्णतेने स्वतःच बदलतो. मायक्रोमीटरच्या रॅचेटचे (दाब मर्यादेत ठेवणाऱ्या घुंडीचे) दोन-तीन टिक, शिफ्टच्या सुरुवातीला झीरो बघणं, हे तर सगळ्यांना शिकवलेलंच असतं.

ऑफसेट टाकण्याची पद्धत इथल्या रिजेक्शनच्या मुळाशी खूपदा सापडते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फानुक कंपनीच्या कंट्रोलवर वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या झिजेची दुरुस्ती टाकायच्या पानावर दोन वेगळ्या सॉफ्ट-की असतात: इनपुट आणि प्लस इनपुट. प्लस इनपुट आधीच्या आकड्यात भर घालतं, इनपुट आधीचा आकडा पुसून नवा बसवतं. समजा एक्समध्ये (व्यासाच्या दिशेत) आधीच उणे ०.१२० आहे आणि माप ०.०२० जास्त येतंय. उणे ०.०२० टाइप करून प्लस इनपुट दाबलं तर उणे ०.१४० होतं, काम बरोबर. चुकून इनपुट दाबलं तर ऑफसेट उणे ०.०२० वर जातो आणि पुढचा जॉब ०.१०० ने अजून मोठा होतो, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.१२० जास्त. बाहेरचा व्यास असेल तर जॉब पुन्हा चढवता येतो. बोअर, म्हणजे आतलं भोक असेल तर भंगार. दुसरी चूक दशांश बिंदूची: बिंदू न देता टाकलेला आकडा मशीनच्या सेटिंगप्रमाणे मायक्रॉन धरला जातो किंवा मिलिमीटर, आणि एका शॉपमध्ये दोन वेगळ्या सेटिंगची मशीनं असली की आज या मशीनवर, उद्या त्या मशीनवर काम करणारा मुलगा फसतोच.

यासाठी सवय अशी लावायची: आधी पानावरचा जुना आकडा मोठ्याने वाचायचा, मनात बेरीज करायची, की दाबल्यावर नवा आकडा अपेक्षेएवढाच आलाय का ते बघायचं, आणि रजिस्टरमध्ये वेळ, टूल नंबर, जुना आकडा, नवा आकडा लिहायचा. नंतरचा एक जॉब पूर्ण मोजायचा. सगळं मिळून मिनिटभर. सीनियर ऑपरेटर हे करायला कचरतात, कारण मोठ्याने वाचणं त्यांना शिकाऊ मुलाचं काम वाटतं. म्हणूनच ते आधी सीनियरने करायला हवं. सीनियर मामा करतात म्हटल्यावर आयटीआयमधून नुकताच आलेला पोरगा आपोआप करतो. मामा करत नाहीत तर भिंतीवर कितीही चार्ट लावा, तो वाचला जाणार नाही.

मेहनती माणसाचं नुकसानही इथेच होतं. मन लावून काम करणारा ऑपरेटर प्रत्येक जॉब मोजतो आणि प्रत्येक जॉबनंतर ऑफसेट हलवतो: पाच मायक्रॉन जास्त आलं, पाच कमी केलं, चार कमी आलं, चार वाढवलं. त्याला वाटतं आपण काळजी घेतोय. प्रत्यक्षात माप आणखी पसरतं. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग हे गोटी आणि नरसाळ्याचा प्रयोग करून दाखवत. नरसाळं एका जागी स्थिर ठेवून गोट्या टाकल्या तर त्या जेवढ्या विखुरतात, त्याच्या साधारण १.४ पट विखुरतात प्रत्येक गोटीनंतर चुकीएवढं नरसाळं हलवलं तर. मशीनची स्वतःची एक नैसर्गिक हालचाल असते; तिच्यामागे धावलं की ती वाढते. म्हणून लागोपाठच्या पाच जॉबची सरासरी घ्यायची. ती मध्यापासून टॉलरन्सच्या निम्म्या वाटेच्या पुढे गेली तरच हात लावायचा. इन्सर्ट झिजला की बाहेरचा व्यास हळूहळू एकाच दिशेने वाढत जातो, तो कल खरा; वर-खाली होणारे आकडे बघून गप्प बसायचं. गप्प बसणं ही कामसू माणसाला शिकवायला सगळ्यात अवघड सवय आहे. "काहीतरी करतोय" असं दिसलं नाही की साहेब रागावतील ही भीती असते, आणि ती काढणं साहेबांच्याच हातात आहे.

चेकलिस्टबद्दल. सकाळच्या चेकशीटवर एकाच पेनाने, एकाच झोकात मारलेल्या तीस टिका दिसल्या की समजायचं, ती शिफ्ट संपताना भरली आहे. टीक मारायला मशीनकडे बघावं लागत नाही, आकडा लिहायला बघावं लागतं. म्हणून "हवेचा दाब ठीक" याऐवजी किती बार ते लिहायला लावायचं. "कूलंट ठीक" याऐवजी रिफ्रॅक्टोमीटरचं (तेलाचं प्रमाण दाखवणाऱ्या साधनाचं) रीडिंग. आणि ते रीडिंग त्या तेलाच्या फॅक्टरने गुणल्याशिवाय खरं प्रमाण मिळत नाही, तेव्हा फॅक्टर टाकीवरच पेंटने लिहून ठेवायचा. साध्या टर्निंगला पाच ते आठ टक्के चालतं. रोज नुसतं पाणी ओतत राहिलं की प्रमाण घसरतं, जॉबवर गंज येतो, सुट्टीनंतर टाकीला वास येतो. वरून भरायलाही पातळ मिश्रणच वापरायचं, आणि ते करताना पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही. शीटवर सहा-सात ओळींपेक्षा जास्त नकोत. तीस ओळी म्हणजे ऑडिटसाठी भरलेला कागद.

चेकलिस्टने फरक पडतो का, यावर दवाखान्यांतून आलेली दोन उत्तरं शेजारी ठेवण्यासारखी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची १९ कलमांची शस्त्रक्रिया चेकलिस्ट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत वापरून बघितली, त्यात नवी दिल्लीही होती. २००९ साली निकाल आले: मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. नंतर कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात तशाच चेकलिस्टची सक्ती झाली, आणि तिथल्या १०१ रुग्णालयांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. यादी जवळपास सारखीच होती. पहिल्या ठिकाणी टीमने थांबून, एकमेकांना नावं सांगून, मोठ्याने वाचायची तयारी करून घेतली होती. मी यातून असं समजतो की कागद वरून आला आणि त्याच्याबरोबर शिकवणी आली नाही, तर तो भरला जातो, वापरला जात नाही.

जागा आवरण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण फाइव्ह एसचे (जागा नीटनेटकी ठेवण्याच्या जपानी पद्धतीचे) बोर्ड चाकणच्या प्रत्येक गेटवर आहेत. एवढंच सांगतो: मशीन पुसणं ही तपासणी आहे. फडक्याने पुसणाऱ्या हाताला तेलाची गळती, सैल बोल्ट, फाटलेला वायपर सापडतो. एअर गनने उडवणाऱ्याला काहीच सापडत नाही, उलट बारीक चिप्स गाइडवेच्या (टूल ज्यावर सरकतं त्या रुळांच्या) सीलखाली ढकलल्या जातात.

यानंतर येतो खराब पीस. ऑपरेटरच्या हातात चुकलेला जॉब आहे आणि आजूबाजूला कुणी नाही. त्या क्षणी त्याच्यासमोर दोन वाटा असतात: लाल बिनमध्ये टाकून सुपरवायझरला सांगणं, किंवा चांगल्या मालाच्या ट्रेमध्ये मधोमध सरकवून देणं. तो काय करेल हे त्याच्या संस्कारांवर कमी आणि मागच्या वेळी सांगणाऱ्याचं काय झालं यावर जास्त ठरतं. मागच्या वेळी सगळ्यांसमोर "डोळे कुठे होते तुझे?" असं ऐकावं लागलं असेल, रिजेक्शनचे पैसे पगारातून कापले असतील, तर तो जॉब ट्रेमध्येच जाणार. समजा त्याची किंमत १८० रुपये. तो ग्राहकाच्या असेंब्ली लाइनवर सापडला की तिथे पडलेले सहाशे जॉब शंभर टक्के तपासायला दोन माणसं पाठवावी लागतात, गाडीचं भाडं, डेबिट नोट (ग्राहकाने कापलेले पैसे), आणि पुढचे काही लॉट कडक तपासणीत. १८० रुपयांच्या रागाची किंमत मालक अशी चुकवतो.

सुपरवायझरने पाठ करून ठेवावेत असे तीन प्रश्न आहेत, याच क्रमाने. मशीन थांबवलंस का? शेवटचा नक्की चांगला पीस कुठला? त्याच्यानंतरचा माल कुठे आहे? तिन्ही प्रश्न मालाबद्दल आहेत. कोण चुकलं हा प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांत येताच कामा नये, कारण तो आला की माणूस स्वतःचा बचाव करायला लागतो आणि माल शोधायचा राहतो. माल वेगळा काढल्यावर, चहा झाल्यावर, कारण शोधायला शांतपणे बसायचं. आणि ज्याने स्वतःहून सांगितलं त्याला दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मीटिंगमध्ये नाव घेऊन "बरं केलंस सांगितलंस" एवढं म्हणायचं. बक्षीस नको, टाळ्याही नकोत. एमी एडमंडसन या संशोधिकेला रुग्णालयांतल्या औषधाच्या चुकांचा अभ्यास करताना असं दिसलं की चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या. तिथे माणसं बोलत होती म्हणून.

"आमची पोरंच तशी आहेत" म्हणणाऱ्यांसाठी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जनरल मोटर्सने १९८२ मध्ये तिथला कारखाना बंद केला. कामगार विनासूचना दांड्या मारतात, भांडतात, गाड्या खराब निघतात, अशी त्याची ख्याती होती. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने मिळून तोच कारखाना नम्मी नावाने पुन्हा चालू केला, आणि बहुतेक जुनेच कामगार परत घेतले, युनियनही तीच. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या आसपास होती, ती दोन-तीन टक्क्यांवर आली. जे बदललं त्यातलं एक महत्त्वाचं असं: प्रत्येक कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायचा हक्क मिळाला, आणि दोरी ओढली की टीम लीडर रागवायला नव्हे, मदत करायला धावत यायचा.

गैरहजेरीचं इथलं रूप आपल्याला चांगलं माहीत आहे. गौरी-गणपतीत कोकणातली मुलं, दिवाळीत लातूर-नांदेड-बीडची मुलं, आणि आषाढीच्या आधी पालखी आकुर्डीहून पुण्याकडे निघते त्या दिवशी रस्ताच बंद. यातलं काहीही अचानक येत नाही, तारखा कालनिर्णयवर छापलेल्या असतात. तरी माणसं न सांगता जातात, कारण सांगितलं तर रजा नामंजूर होते आणि न सांगता गेलं तर फक्त बोलणी बसतात. हा हिशेब कामगाराने बरोबर मांडलेला आहे. तो बदलायचा तर महिनाभर आधी भिंतीवर रजेचा तक्ता लावावा, जो आधी नाव लिहील त्याची रजा पक्की, आणि एका दिवशी किती जणांना जाता येईल ते आकड्याने ठरलेलं. त्यासोबत कुठला माणूस कुठलं मशीन चालवू शकतो याचा तक्ता हवा. प्रत्येक मशीनला किमान तीन नावं असावीत. दोनच असली आणि एक जण लग्नाला गेला, दुसऱ्याला ताप आला, तर मशीन बंद. तिसरं नाव तयार करायला दर आठवड्याला दोन तास दिले की सणांपर्यंत ते तयार होतं.

हे सगळं एकदम सुरू करू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांच्या गटाने ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात नवी सवय आपोआप व्हायला लागलेला काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. शॉपच्या भाषेत तीन महिन्यांना एक सवय. आणि ती आधीपासून होत असलेल्या कृतीला बांधायची: "दार उघडलं की आधीचा जॉब प्लेटवर", "इन्सर्ट बदलला की रजिस्टर उघडायचं". "काळजीपूर्वक काम करा" या वाक्याला बांधायला काहीच नसतं, म्हणून ते भिंतीवर राहतं. माझ्या मते पहिली सवय हँडओव्हरची असावी, कारण ती दोन माणसांत होते, आणि एक विसरला तर दुसरा आठवण करतो. ऑफसेट रजिस्टर त्यानंतर.

आकडे कुठले बघायचे तेही आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळं बंद होईल. कारण पहिल्या महिन्यात लाल बिन भरलेला दिसतो. रिजेक्शनचा आकडा वाढतो, मालकाला वाटतं पोरं बिघडली, आणि क्वालिटीवाला अडचणीत येतो. वाढलेला तो माल आधीही होत होता, ट्रेमधून बाहेर जात होता. त्यामुळे शॉपमध्ये सापडलेलं रिजेक्शन आणि ग्राहकाकडून परत आलेलं रिजेक्शन असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि दुसऱ्या रकान्यावरच निर्णय घ्या. शेजारी तिसरा रकाना: शिफ्ट सुरू झाल्यापासून पहिला पास झालेला पीस किती मिनिटांनी आला. पहिला रकाना वर जात असताना दुसरा आणि तिसरा खाली यायला लागले, तर काम बरोबर चाललंय. तिन्ही जागच्या जागी असतील तर ऑपरेटरला बोलवायच्या आधी बसची वेळ, इन्स्पेक्टरची रांग आणि सुपरवायझरचा पहिला प्रश्न, हे तीन पुन्हा तपासा.